ठाण्यात नवे आहात? मग एक दिवस शिलाहारांकडे

माझी भाची जर्मनीत राहते. गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी तीन महिने ठाण्यात होती, आमच्याकडेच. दुसऱ्याच शुक्रवारी रात्री जेवताना विचारते, "मावशी, उद्या सुट्टी आहे. इथे जवळपास बघण्यासारखं काय आहे गं?" मी सवयीने "तलावपाळी" म्हणाले आणि पुढे काही सुचेना. लग्न होऊन साताऱ्याहून आले त्याला तीस वर्षं होतील. या शहरावर एकेकाळी कुणाचं राज्य होतं हे मला माहीत होतं, पण पाहुण्याला दाखवायचं म्हणून कधी घराबाहेर पडले नव्हते. ही मुलगी तिकडे दर शनिवारी डबा घेऊन ट्रेनने कुठला ना कुठला किल्ला बघायला जाते, आणि तिच्या मावशीला स्वतःच्या जिल्ह्यातलं एक लेणं धड सांगता येत नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी जो दिवस आखला, तो आता मी नागपूरहून, नांदेडहून, न्यू जर्सीहून ठाण्यात आलेल्या कितीतरी जणांना सांगितला आहे. लोकल, रिक्षा आणि स्वतःचे पाय एवढ्यावर तो होतो. तोच इथे नीट लिहून काढते.

आधी हे शिलाहार कोण ते

नववं ते तेरावं शतक, साधारण साडेचारशे वर्षं, उत्तर कोकणावर शिलाहार घराण्याचं राज्य होतं. आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक, नंतर बरेचसे स्वतंत्र. त्यांच्या लेखांत ठाण्याचं नाव येतं 'श्रीस्थानक'. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी या शिलाहार राजाचे ताम्रपट सापडले, शके ९३९ म्हणजे १०१७ सालचे. तो किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. त्याच्या भिंतीशेजारून आपण रोज रिक्षाने जातो.

या अरिकेसरीचे तीन पुतणे एकामागून एक गादीवर आले: छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी. शेवटचं नाव लक्षात ठेवा, दुपारच्या आत त्याच्याशी गाठ पडणार आहे.

दिवस कोणता धरायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात जाऊ नका. मी गेले आहे आणि त्याची गोष्ट पुढे येईल. पावसाळ्यात दगड ओला होऊन कोरीवकाम सुंदर दिसतं, पण मध्य रेल्वेचा काही भरवसा नसतो.

सोमवार टाळा, श्रावणातला तर नक्कीच, आणि महाशिवरात्रीला अंबरनाथच्या वाटेलाही जाऊ नका. त्या दिवशी तिथे मोठी जत्रा असते. जत्रा बघायची असेल तर खुशाल जा, पण मग मूर्ती बघायच्या विसरा. रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) कुठे आहे ते बघून ठेवा. नवीन माणूस हे हमखास विसरतो आणि मग प्लॅटफॉर्मवर तासभर उभा राहतो. माझं मत विचाराल तर शनिवार.

पिशवीत काय

पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, चटकन काढता-घालता येतील अशा चपला, सुटे पैसे, एक छोटी विजेरी (मोबाइलची चालते, पण बॅटरी खाते) आणि जाड सुती मोजे. मोजे कशाला? देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर काळा दगड तव्यासारखा तापतो. मे महिन्यात मी एकदा नणंदेला घेऊन गेले होते. आम्ही दोघी अंबरनाथच्या आवारात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत प्रदक्षिणा करत होतो आणि पायरीवर बसलेल्या आजी आम्हाला हसत होत्या. शेवटी त्यांनीच सांगितलं, "अगं पोरींनो, सावलीच्या बाजूने चाला!" तेव्हापासून मोजे.

सकाळी सात: कौपिनेश्वर

सुरुवात घरातूनच करायची. ठाणे स्टेशन पश्चिमेला उतरून जांभळी नाक्याकडे चालत निघालात की दहा मिनिटांत कौपिनेश्वराचं मंदिर. पलीकडे मासुंदा तलाव, तीच तलावपाळी. सकाळी या भागात फुलं, भाजी, हातगाड्या यांची एवढी गडबड असते की मंदिराचं दार नवख्याला पटकन दिसतही नाही. हारवाल्याला विचारा.

आजचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं नाही. मराठ्यांनी ठाणे पोर्तुगीजांकडून घेतल्यावर, १७६० च्या सुमाराला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते बांधलं. पण आतलं शिवलिंग बघा. चार फुटांहून उंच, आणि घेर एवढा की एका माणसाच्या कवेत मावणार नाही. घरच्या देव्हाऱ्यातली पिंडी बघून आलेला माणूस इथे क्षणभर थबकतो. माझी भाची थबकली आणि पुटपुटली, "हे कुणी उचलून आणलं असेल?" गाभाऱ्यात गर्दी असते, फार वेळ उभं राहू देत नाहीत. दर्शन घ्या आणि निघा. वर्षप्रतिपदेला ठाण्याची स्वागतयात्रा इथूनच निघते. तोपर्यंत ठाण्यात असलात तर परत याच.

बाहेर पोहे-चहा करून घ्या. अंबरनाथला काही मिळत नाही असं नाही, पण रिकाम्या पोटी प्रवास नको.

आठची लोकल

इथे नवीन माणसाची फजिती ठरलेली असते, म्हणून जरा सविस्तर.

कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. अंबरनाथ कर्जतच्या फाट्यावर आहे. म्हणजे इंडिकेटरवर अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली असेल तरच चढायचं. टिटवाळा, आसनगाव, कसारा असेल तर गाडी कितीही रिकामी असली तरी सोडून द्या. मी पहिल्या वर्षी रिकामी गाडी बघून मोहात पडले आणि शहाडला उतरून परत आले. कल्याण लोकलमध्ये बसलात तरी चालेल, पण कल्याणला गाडी बदलावी लागेल. तिकीट रिटर्नचंच काढा.

सकाळी सगळं जग मुंबईकडे धावत असतं आणि तुम्ही उलटे जात असता. त्यामुळे ठाण्याला खिडकी मिळण्याचा आनंद घ्या, असा योग वर्षातून कमी वेळा येतो. स्लो गाडी मिळाली तर उजवीकडे बसा. कळवा सोडलं की मुंब्र्याचा डोंगर अगदी अंगावर येतो आणि वर कड्यात मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं. डावीकडे खाडी. पुढे दिवा, डोंबिवली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. पाऊण तास धरून चाला.

अंबरनाथला पूर्वेला बाहेर पडायचं. देऊळ दोनेक किलोमीटरवर आहे. रिक्षावाल्याला "शिवमंदिर" एवढं सांगितलं की पुरे; "प्राचीन मंदिर", "हेरिटेज साइट" असले शब्द वापरलेत तर भाडं वाढेल.

अंबरनाथ: इथे दोन तास द्या

दिवसाचा गाभा हाच. बाकी सगळं कमी करा, इथला वेळ कमी करू नका.

आधी एक कडू गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तिथे गेल्यावर विरस होणार नाही. देवळाला लागून वालधुनी नदी वाहते. एकेकाळी म्हणे लोक तिचं पाणी अभिषेकाला नेत. आता तिच्यात कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी आहे, आणि वारा फिरला की वास येतो. नाकाला रुमाल लावा आणि डोळे उघडे ठेवा.

मंदिर काळ्या बेसॉल्टचं, पश्चिमाभिमुख. समोर नंदी. आत जायची घाई करू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, आणि ती मारताना तीन वेळा थांबा.

पहिल्यांदा लांबून, सगळं देऊळ एका नजरेत येईल असं. मंडपाचं छत पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतं, पण मागे गाभाऱ्यावर जिथे शिखर उंच जायला हवं तिथे ते अर्ध्यातच संपतं. जे उरलंय त्यात एक उभी जाळीदार पट्टी वर जाताना दिसेल, आणि तिच्या बाजूंना छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, एकावर एक रचलेल्या. ही भूमिज शैली. माळव्यात ती जास्त आढळते, आपल्याकडे सिन्नरच्या गोंदेश्वरात शिखरासकट पूर्ण बघायला मिळते. अंबरनाथचं अपुरं शिखर बघून 'हे पूर्ण कसं दिसलं असतं' असं वाटलं, तर पुढचा शनिवार सिन्नरला.

दुसऱ्यांदा जवळून, भिंतीपासून हातभर अंतरावर, खाली वाकून. तळाच्या थरांत हत्तींची रांग आहे. कुठे सोंड झिजलीय, कुठे पायच उरलेत, पण रांग चालूच. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हत्ती मोजायला लावा. अर्धा तास तुमचा.

तिसऱ्यांदा कोपऱ्यांत. या देवळाच्या भिंती सपाट नाहीत, घड्या घातल्यासारख्या आतबाहेर करत जातात. त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात एक मूर्ती उजळते आणि शेजारची सावलीत जाते. गजासुराला मारून त्याचं कातडं डोक्यावर ताणून धरलेला शिव शोधा. नाचणारे, वाजवणारे, केस पिळणाऱ्या, आरशात बघणाऱ्या कितीतरी आकृती आहेत. चेहरे बरेच झिजलेत, कारण साडेनऊशेहून जास्त पावसाळे या दगडाने अंगावर घेतलेत. ओळखू आलं नाही तर ओळखायचा अट्टहास करू नका. भाची एका झिजलेल्या मूर्तीसमोर वीस मिनिटं उभी होती. मी दोनदा "चल" म्हणाले. शेवटी म्हणाली, "मावशी, हिच्या डाव्या हाताची बोटं अजून शाबूत आहेत." मी वाकून पाहिलं. खरंच, चार बोटं, आणि त्यांची पेरंसुद्धा.

आता आत. मंडपाच्या मध्यावर चार भरगच्च कोरलेले खांब आहेत. मान वर करून छत बघा, मोबाइल चालू करून वर धरा आणि फोटो न काढता नुसतं बघा. मंडपाला तीन दारं आहेत. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूला, तो शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राजाचं नाव माम्वाणी, म्हणजे आपला मुम्मुणी. देवाचं नाव लेखात 'आम्रनाथ' असं येतं. काम थोरल्या भावाने, छित्तराजाने सुरू केलं आणि धाकट्याने पुरं केलं असावं, असं अभ्यासक मानतात. लेख अंधारात आहे आणि अक्षरं झिजलीत, त्यामुळे वाचता येईल ही अपेक्षा ठेवू नका. पण नजरेला पडला की अंगावर काटा येतो, माझ्या तरी आला.

मग गाभारा. मंडपातून वर चढायचं नाही, खाली उतरायचं. विसेक पायऱ्या, अरुंद आणि गुळगुळीत, पाण्याने ओल्या असतात. हात भिंतीला ठेवूनच उतरा. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच नमस्कार केला तरी देव रागावणार नाही. खाली लिंग आणि वर, शिखर अपुरं असल्यामुळे, आभाळ. थंडीच्या सकाळी तिथे उन्हाचा एक चौकोन पडतो आणि तो हळूहळू सरकत जातो.

हे देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि त्याच वेळी तिथे रोजची पूजाही चालते. आत कुणी अभिषेकाला बसलं असेल तर बाजूला थांबा, त्यांच्या मधून फोटो काढू नका. तिकीट नाही.

जेवण कल्याणात

साडेअकरा-बारापर्यंत स्टेशनवर या आणि कल्याणला उतरा. पश्चिमेला पोळीभाजीची भरपूर ठिकाणं आहेत. जेवताना हेही ध्यानात असू द्या की कल्याण हे शिलाहारांच्याही कितीतरी शतकं आधीचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत दान दिल्याचे लेख आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारी पुन्हा पुन्हा भेटतात.

दुपारी: लोनाड

इथे लोकल संपते आणि रिक्षा सुरू होते. कल्याण पश्चिमेहून गांधारी पुलावरून उल्हास नदी ओलांडायची, बापगावला यायचं आणि तिथून लोनाडचा रस्ता धरायचा. लोनाड भिवंडी तालुक्यात येतं. परतीला तिथे रिक्षा मिळत नाही, म्हणून जातानाच येण्याजाण्याचं आणि थांबण्याचं मिळून ठरवा. "दादा, दीड तास थांबावं लागेल, लेण्यांपाशी" असं स्पष्ट सांगा. नाहीतर तो अर्ध्या तासाने हॉर्न वाजवायला लागतो आणि तुमचं लक्ष उडतं. स्वतःची गाडी असेल तर ठाण्याहून नाशिक हायवेने सोनाळे फाट्यावरूनही येता येतं.

रस्ता सुंदर नाही. भिवंडीची गोदामं आता इथवर आली आहेत, कंटेनरच्या मागे धूळ खात जावं लागतं. आणि मग एका वळणावर शेतं, गवत, टेकडी.

लेणं छोटं आहे. अजिंठा डोक्यात ठेवून गेलात तर दहा मिनिटांत परत फिराल. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचं बौद्ध लेणं, अर्धवट खोदलेलं. आता आत देवी आहे आणि गावकरी तिला खांडेश्वरी म्हणतात. बुद्धाच्या भिक्षूंनी खोदलं, देवीने सांभाळलं. देवीचा राबता नसता तर या ओसरीत गुरं बांधली गेली असती, असं मला वाटतं. नवरात्रात इथे वर्दळ असते, एरवी तुम्ही आणि वटवाघळं.

ओसरीत भिंतीवर एक मोठा शिल्पपट आहे, त्यासाठी यायचं. राजा, राणी, भोवती सेवक, असं राजदरबाराचं दृश्य. झीज फार आहे. समोरून प्रकाश टाकलात तर काही दिसणार नाही. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. तिरप्या उजेडात बसलेल्या माणसाचा गुडघा, वळलेली मान, दागिन्यांची कड हळूच वर येते. ही युक्ती कुठल्याही झिजलेल्या कोरीवकामाला लागू पडते.

परत येताना लोनाड आणि शेजारच्या चौधरपाड्यात थोडं रेंगाळा. इथे एक पडझड झालेलं जुनं शिवमंदिर आहे आणि कोरलेले दगड इकडेतिकडे आहेत. लोनाडला शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०६ चा, म्हणजे ११८४ सालचा शिलालेख मिळाला, आणि चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१ चा, म्हणजे १२४० सालचा. मुम्मुणीनंतर पावणेदोनशे वर्षांनीही तेच घराणं जमिनी दान देतंय. "शिलालेख" म्हटलं तर गावात कुणी सांगेलच असं नाही. "लिहिलेला दगड कुठे आहे?" असं विचारा.

शिलाहारांच्या दानलेखाच्या दगडावर वर सूर्य-चंद्र असतात, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालेल. मधे मजकूर. आणि खाली बहुधा गधेगाळ. म्हणजे जो हे दान मोडेल त्याच्या आईला गाढव लागो, अशी शिवी. आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रासकट. मुलं बरोबर असतील तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी भाचीला सरळ सांगितलं. ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की रिक्षावाला धावत आला.

पुष्कळ ठिकाणी हे दगड शेंदूर फासून देव म्हणून पुजले जातात. तसं दिसलं तर शेंदूर खरवडून अक्षरं शोधायला जाऊ नका. हात जोडा, फोटो घ्या, पुढे चला.

कान्हेरी याच दिवशी का नाही

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. घोडबंदर रोडला घर घेतलेल्यांना तर खिडकीतून डोंगर दिसतो आणि पलीकडे कान्हेरी आहे हे ऐकलेलं असतं. ठाण्याच्या बाजूचं येऊर आणि कान्हेरी एकाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, खरं आहे. पण मधे बिबट्यांचं जंगल आहे आणि येऊरवरून कान्हेरीला चालत जायची परवानगी नाही. बोरिवलीलाच जावं लागतं, आणि शंभराहून जास्त लेणी असल्यामुळे त्याला अख्खा दिवस लागतो. सोमवारी बंद. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना लेण्यांचं तिकीट बरंच महाग पडतं, पण ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर भारतीयांचाच दर लागतो, म्हणून ते जवळ ठेवा. माझ्या भाचीचं कार्ड घरी कपाटात राहिलं होतं.

गेलात तर तिथेही शिलाहार भेटतील. कान्हेरीच्या लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाबरोबर त्याचा कोकणातला मांडलिक पुल्लशक्ती येतो, शके ७६५, म्हणजे ८४३ साल. मुम्मुणीचा पूर्वज, दोनशे वर्षं आधीचा. स्वतः शिवभक्त घराणं, आणि त्यांच्या राज्यात भिक्षूंना दान चालू.

परतीची गाडी

पाचच्या आत कल्याणला या. संध्याकाळी गर्दी मुंबईकडून येते, तुम्ही पुन्हा उलटे, त्यामुळे बसायला जागा मिळते. कल्याणहून सुटणारी गाडी पकडा, आधी भरून येणारी नको. बायकांच्या डब्यात डोंबिवलीपर्यंत कानातली आणि क्लिपा विकायला येतील. भाचीने तिथे तीस रुपयांना जाड मोज्यांची जोडी घेतली, कारण सकाळची अंबरनाथच्या पायरीवर विसरली होती.